पहिला साप: बोआ घेऊ की बॉल पायथन? गाडी अडकलीये

हौशी_नवखा
नमस्कार मंडळी, साप पाळायचं खूळ डोक्यात शिरून दोन वर्षं झाली, वाचून वाचून डोळे गेले आणि आता शेवटच्या दोन नावांवर येऊन अडकलोय. बोआ की पायथन? पायथन म्हणजे बॉल पायथन हां, ते वीस फुटी प्रकरण नकोय. एका मित्राचा बोआ तासभर हातात घेतला होता, दंडावरून खांद्यावर सावकाश सरकत गेला आणि मग मानेमागे नुसता थांबून राहिला, तेव्हापासून मी कामातून गेलोय. पण सगळे म्हणतात पहिला साप म्हणून बॉल पायथनच घे. बायकोची परवानगी मिळालीये, अट एकच, जिवंत उंदीर घरात दिसता कामा नये. गोठवलेल्या उंदरांसाठी फ्रीजरचा एक खण महत्प्रयासाने मंजूर झालाय. तर विचारायचं एवढंच की दोघांत कमी त्रासाचा कोण, जागा किती लागते, आणि चावलाच तर काय होतं?

शीतरक्त
आधी एक घोळ निस्तरू. बोआ आणि पायथन ही आडनावं आहेत, नावं नाहीत. मराठीत आपण सगळ्यांना सरसकट अजगर म्हणून मोकळे होतो, आणि गंमत म्हणजे ज्याला कोणी अजगर म्हणत नाही ते मांडूळ मात्र बोआच्या कुळातलं. बोआ बहुतेक अमेरिका खंडांतले आणि पिल्लं घालणारे, पायथन आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियातले आणि अंडी घालून त्यांच्याभोवती वेटोळं करून बसणारे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साडेतीन ते पाच फूट, मादी नरापेक्षा मोठी, वजन साधारण दीड-दोन किलो. तुझ्या मित्राकडे असेल तो बहुधा बोआ इम्परेटर, मध्य अमेरिकेकडचा, त्याची मादी सहा ते आठ फुटांपर्यंत जाते आणि अंगाने जाडजूड होते. म्हणजे "दोघांत शांत कोण" हा प्रश्नच नाही, शांत दोघंही असतात. पाच वर्षांनी खोलीत तुला काय हवंय ते बघ.

माझ्याकडे बॉल पायथनचा नर आहे, नऊ वर्षांचा. हाताळायला अगदी गरीब, घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडू होतो, नावच त्यावरून पडलंय. पण खाण्याच्या बाबतीत याने मला जे रडवलंय ते विचारू नकोस. मागच्या हिवाळ्यात पाच महिने तोंड लावलं नाही. दर दहा दिवसांनी उंदीर गरम करायचा, चिमट्याने समोर हलवायचा, हा जीभ काढून वास घेणार, मान मागे घेणार आणि बिळात निघून जाणार, आणि मी तो उंदीर टाकून देणार. पाच महिन्यांत वजन १४२० ग्रॅमवरून १३६० वर आलं, बस्स, एवढंच. त्याला काही झालं नव्हतं, झालं होतं ते मला. ज्याला समोरचं ताट परत गेलं की झोप लागत नाही त्याने बॉल पायथन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोक त्याला नवशिक्याचा साप म्हणतात, मी म्हणतो नवशिक्याची परीक्षा.

आणि हो, हे लग्नासारखं आहे. वीस-तीस वर्षं सहज जगतात. २०२० साली सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथनने सात अंडी घातली, वय साठीच्या पुढचं असावं असा तिथल्या लोकांचा अंदाज होता, आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ तिच्या जवळपास नर नव्हता!

विळखा
शीतरक्त म्हणतात ते खरंय पण बोआची बाजू कोणीतरी मांडायला हवी ना. माझी मादी बोआ आहे, सात वर्षांची, साडेसहा फूट. खाण्याची चिंता शून्य, चिमटा दिसला की झेप. आणि तिथेच माणसं फसतात. खातो म्हणून घालत राहतात. बोआची पचनक्रिया संथ, पिल्लाला दहा-चौदा दिवसांनी, मोठ्याला तीन-चार आठवड्यांनी, तेही लहानच, सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा जाड काही देऊ नये. मी पहिल्या वर्षी हौसेने मोठा उंदीर दिला, आणि वर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला तिला बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी सगळं बाहेर. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. त्यानंतर दोन आठवडे काही द्यायचं नसतं, मग एकदम छोटंसं, कारण उलटीबरोबर पोटातलं आम्लही जातं आणि घाई केली की परत उलटी, असं करत करत साप हातचा जातो.

जागा म्हणशील तर बॉल पायथनला चार बाय दोन फुटांची पेटी आयुष्यभर पुरते, बोआला निदान सहा बाय दोन, आणि तिच्या साफसफाईला माझी अर्धी सुट्टी जाते. फुत्कार ऐकलायस का बोआचा? सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा, आणि संपतच नाही. करत काही नाही, पण पहिल्यांदा हातातलं पाण्याचं भांडं मी टाकून दिलं होतं. सहा फुटांच्या पुढे गेली की खाऊ घालताना घरात दुसरं मोठं माणूस हवंच, हा नियम मी मोडत नाही. बायको फ्रीजरवरच कबूल झालीये का मदतीलाही येणार, ते आत्ताच विचारून घे.

पानावरचा_थेंब
दोन्ही नको, कॉर्न स्नेक घ्या. विषय संपला.

शीतरक्त
थेंबराव, दर वेळी तुम्ही हेच सांगता :) चांगला, बारीकसा साप आहे, मान्य, पण ज्याला खांद्यावर वजन हवंय त्याला दोरी देऊन काय उपयोग.

हौशी_नवखा
धन्यवाद लोकहो, खूपच उपयोग होतोय. बायकोला विचारलं, ती म्हणाली फ्रीजर एक गोष्ट आणि फुत्कार दुसरी गोष्ट. म्हणजे उत्तर मिळालं म्हणायचं. पण बोआ मनातून जात नाही हो. दोन शंका अजून. एकाकडे बॉल पायथन स्वस्तात आहे, स्पायडर मॉर्फ (म्हणजे रंग-नक्षीचा प्रकार), अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, फोटोत फार देखणा दिसतोय, घेऊ का? आणि दुसरं, पुढेमागे बोआचं पिल्लू मिळालं तर मोठ्या पेटीत दोघांना एकत्र ठेवता येईल का, म्हणजे सोबत होईल.

निशाचर_ताई
सोबत वगैरे काही लागत नाही सापाला. एकत्र तर अजिबातच ठेवायचं नाही, आणि बोआ-पायथन तर त्रिवार नाही. मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात काम केलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. आयबीडी (इन्क्लुजन बॉडी डिसीज) नावाचा एक विषाणूजन्य आजार आहे, त्यामागचे अरेनाव्हायरस २०१२ मध्ये सापडले. बोआ हा विषाणू कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं अंगात बाळगून ठणठणीत दिसू शकतो, खातो पितो, कात टाकतो, कोणाला संशय येत नाही. तोच पायथनमध्ये गेला की मेंदूवर जातो, साप मान मागे वळवून आकाशाकडे बघत बसतो, पाठीवर पडला तर सुलटा होता येत नाही, आणि मग फार दिवस राहत नाहीत. औषध नाही. एका सापावरून दुसऱ्यावर तो नेण्यात रक्त पिणाऱ्या बारीक काळ्या गोचिडांचाही हात असावा असा संशय आहे, ज्यांना आपण माइट्स म्हणतो. म्हणून बोआ घेणाऱ्याने रक्ताची तपासणी करूनच घ्यावा, आणि कुठलाही नवा साप निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळा चिमटा. माइट्स बघायची सोपी युक्ती सांगते, पांढरा ओला कागदी रुमाल सापाच्या अंगावरून हळू फिरवा आणि उजेडात धरा, मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसले आणि ते चालायला लागले की समजा.

आता तो स्पायडर. देखणा आहे यात वाद नाही. पण ती नक्षी ज्या जनुकातून येते त्याच जनुकातून डोकं डुगडुगणंही येतं, एखाद्यात जेमतेम कळेल इतकं, एखाद्यात इतकं की समोरच्या उंदरावर नेम लागत नाही, डोकं स्क्रूसारखं फिरत राहतं. नक्षी आली की ते आलंच, कमी-जास्त एवढाच फरक. विकणारा म्हणेल "याला अगदी थोडं आहे". पहिला साप म्हणून साधा तपकिरी घ्या हो. पिंजऱ्यात जन्मलेला घ्या, कारण घाना, टोगो, बेनिनमधून रानातल्या अंड्यांतून काढलेली किंवा थेट पकडलेली बॉल पायथन अजूनही बाहेर जातात आणि रानातली बहुतेक वेळा जंत आणि गोचिडांसकट येतात. विकणाऱ्याला सांगा माझ्यासमोर खाऊ घाल, गोठवून वितळवलेलाच. काचकूच केली की नमस्कार करून निघा. जवळपास सगळेच बोआ आणि पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस करारात येतात, तेव्हा कागद आणि आपापल्या ठिकाणचा कायदा आधी बघा, साप नंतर.

हौशी_नवखा
बाप रे ताई, बरं झालं विचारलं, मी आगाऊ पैसे द्यायच्या बेतात होतो. चावण्याचं राहिलंच.

विळखा
चावण्याचं सांगतो, तीनदा खाल्लंय. दोघंही बिनविषारी. दात बारीक, सुईसारखे आणि आतल्या बाजूला वळलेले, म्हणून हात ओढायचा नाही, ओढला की चामडी फाटते आणि दात आत तुटून राहतात. बॉल पायथनचं म्हणजे बाभळीचे काटे लागल्यासारखं, डोळे उघडेपर्यंत संपलेलं. बोआने खाणं समजून धरलं तर मात्र सोडत नाही, विळखा घालते. तेव्हा शेपटीकडून उलगडत यायचं, डोक्याशी झटापट करायची नाही. आणि गुदमरवून मारतात हे जे सांगतात ते खरं तर तसं नाहीच, २०१५ च्या एका प्रयोगात उंदरांवर मोजलं तेव्हा दिसलं की विळखा पडताच काही सेकंदांत रक्ताभिसरणच कोलमडतं, श्वासाची पाळीच येत नाही.

माझे तिन्ही चावे माझ्याच चुकीने, उंदराचा वास हाताला असताना पेटीत हात घातला. आता आधी लांब आकडीने पाठीवर हलकेच स्पर्श करतो, म्हणजे तिला कळतं की आज जेवण नाही. हात आधी धुवायचे आणि नंतरही, सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू सापांच्या अंगावर असतोच.

चावण्यापेक्षा भीती मला तापमानाची वाटते. गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास, दोघांनाही जवळपास हेच. पण थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचाच नाही, आणि लावला म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. माझ्याकडे एकदा थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा प्रोब सुटून पाण्याच्या भांड्यात पडला. थर्मोस्टॅटला वाटलं गारठा आहे, तो तापवत सुटला. संध्याकाळी आलो तर गरम कोपऱ्यात ४६, आणि ही थंड टोकाला काचेला अंग चिकटवून, तोंड फटीला लावून. थंड बाजू पुरेशी लांब होती म्हणून वाचली, सहा फुटांच्या पेटीचा तो एक फायदा. त्या रात्री मी जेवलो नाही, ती मात्र आठवड्याने व्यवस्थित जेवली.

हौशी_नवखा
ठरलं. बॉल पायथन, साधा तपकिरी, नर, वितळवलेलं खाणारा. बोआ मित्राकडे जाऊन खांद्यावर घेत जाईन. पण साप आणण्याआधी पेटी महिनाभर रिकामीच चालवणार आहे, कालपासून सुरू केली. दोन बिळं, एक गरम बाजूला एक थंड, दर तीन तासांनी आकडे वहीत लिहितोय. बायको म्हणते रिकाम्या पेटीची इतकी सेवा केलेली तिने पाहिली नव्हती. सध्या गरम ३२, थंड २६, पण रात्री दमटपणा ४५ वर उतरतोय.

निशाचर_ताई
४५ कमी आहे, कात तुकड्यातुकड्यांत निघेल आणि डोळ्यांवरची टोपी, म्हणजे कातीचा पारदर्शक तुकडा, अडकून बसेल, ती ओढून काढायच्या भानगडीत लोक डोळा घालवतात. वरची जाळी अर्धी झाका आणि खाली नारळाच्या भुशाचा चार बोटं थर द्या, एका कोपऱ्यात पाणी ओता, वरून फवारत बसू नका.

विळखा
वही छान. प्रोब कशाने चिकटवलायस?

हौशी_नवखा
सेलोटेपने...

विळखा
आत्ताच्या आत्ता काढ. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीच नाही, दमटपणात ती सुटणार आणि सापाच्या अंगाला चिकटली की खवले घेऊनच निघणार. स्क्रूची क्लिप मिळते ती लाव, आणि पाण्याचं भांडं दुसऱ्या टोकाला सरकव.