जुन्या ग्राफिक्स कार्डावर ३४ इंची रुंद मॉनिटर चालेल का?

प्रश्न: सध्या माझ्याकडे २४ इंची, १९२० × १०८० रिझोल्यूशनचा मॉनिटर आहे. गेम आणि व्हिडिओ या दोन्हींसाठी ३४ इंची, २१:९ प्रमाणाचा मॉनिटर घेण्याचा विचार आहे; ग्राफिक्स कार्ड मात्र तूर्तास जुनेच राहील. त्याला हा भार झेपेल का?

उत्तर १: अशा मॉनिटरचे रिझोल्यूशन सहसा ३४४० × १४४० असते, म्हणजे सुमारे ४९.५ लाख पिक्सेल, आपल्या सध्याच्या पडद्याच्या जवळजवळ २.४ पट, त्यामुळे त्याच कार्डावर फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) बराच खाली येणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. सावल्या आणि प्रतिबिंबांची सेटिंग्ज उतरवली की पुष्कळ फरक पडतो. शर्यतीच्या गेममध्ये रस्ता नजरेच्या दोन्ही कडांपर्यंत पसरतो, आणि त्यासाठी एवढी तडजोड करणे मला तरी योग्यच वाटते.

उत्तर २: व्हिडिओचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. १६:९ प्रमाणातील व्हिडिओ लावल्यास दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि चित्र साधारण २७ इंची मॉनिटरएवढेच दिसते. २.३९:१ प्रमाणातील चित्रपट मात्र पडदा जवळपास भरून टाकतात.

उत्तर ३: कार्ड आणि मॉनिटर यांमधली जोडणीही तपासावी. एचडीएमआय १.४ वर ३४४० × १४४० रिझोल्यूशनला १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा पडदा ताजा होणे) मिळत नाहीत. कार्डाला डिस्प्लेपोर्ट १.२ ही दुसऱ्या प्रकारची जोडणी असल्यास तीच वापरावी.