शेळी की मेंढी?

उत्खननात सापडलेलं हाड बघितलं की ते शेळीचं की मेंढीचं हे लगेच ओळखू येतं, असं काहीजण म्हणतात. इतकं सोपं नाही हो! पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायच्या काळातल्या) वस्तीत हाडं मिळतात ती बहुतेक जेवणातली, म्हणजे तुकडे झालेली. आपणही मटणाची नळी फोडतोच की! बरगडीच्या तुकड्यावरून कोण काय सांगणार? म्हणून उत्खननाच्या अहवालांत अनेकदा 'शेळी/मेंढी' असा एकच रकाना असतो. शिंगाच्या आतलं हाड मिळालं तर नशीब: शेळीचं चपटं, पुढे धारेसारखी कड, मेंढीचं जाडसर, तिकोनी.

बैल वशिंडाचा होता का, हेही असंच अवघड; वशिंड तर हाडाचं नसतंच. पण पाठीच्या काही मणक्यांची वरची टोकं दुभंगलेली दिसली, की तो वशिंडवाला.

अगदीच अडलं तर हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाची चाचणी करतात. आपल्या उष्ण हवेत ते टिकलेलं असलं पाहिजे, एवढंच.