मदत हवी आहे: पिल्लू तीन दिवस वॉशिंग मशीनच्या मागून बाहेरच येत नाहीये

शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमधून मांजरीचं पिल्लू घरी आणलं. आई आठवडाभर दिसली नव्हती आणि ही पावसात भिजून कुणाच्याही गाडीच्या बॉनेटमध्ये घुसून बसायची, शेवटी वॉचमनकाकांनी टॉवेल टाकून पकडून दिली. डॉक्टर म्हणाले पोरगी आहे, दोनेक महिन्यांची, वजन ७८० ग्रॅम. जंताचं औषध दिलंय, लस पुढच्या आठवड्यात.

तर घरी येऊन बास्केट उघडली आणि जी सुटली ती थेट ड्राय बाल्कनीत मशीनच्या मागे. तेव्हापासून तिथेच. हात नेला की फिस्स करते, कान एकदम चपटे. रात्री दोन-अडीचला वाटीचा कट्कट् आवाज येतो म्हणजे खाते, पण लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी वाळूचा ट्रे) सोडून शी जास्वंदीच्या कुंडीत. मुलगा (वय ७) दिवसातून दहा वेळा पालथा पडून टॉर्च मारून बघतो. सासूबाई म्हणतात दूध ठेव, आपोआप येईल. आणि मशीन लावायची सोय नाही म्हणून तीन दिवस सगळ्यांचे कपडे मी हाताने धुतेय 😭 ओढून बाहेर काढू का? की माणसाळणारच नाही ही?

प्रतिसाद १:
ओढू नका हो ताई! एकदा ओढलंत की तुमचा हात म्हणजे संकट हे तिच्या डोक्यात पक्कं बसेल. आधी तो टॉर्च बंद करा, एकटक बघणं म्हणजे मांजराच्या भाषेत धमकी, आपण बघितलं तर हळूच डोळे मिटायचे आणि नजर वळवायची. वाटी रोज थोडी थोडी सरकवत आतल्या छोट्या खोलीत न्या, तिथे खोका आडवा ठेवून त्यात तुमचा वापरलेला टीशर्ट टाका, आत गेली की दार लावून घ्या. मशीनमागे वायरी असतात, शिवाय ड्राय बाल्कनीला जाळी आहे ना? ग्रिलमधून एवढंसं पिल्लू सहज निसटतं. मुलाला काम द्या: खोलीत जमिनीवर बसून पुस्तक मोठ्यांदा वाचायचं, तिच्याकडे बघायचं नाही. आमचा बोका असाच पाढे ऐकून माणसात आला.

प्रतिसाद २:
दूध नको, बऱ्याच मांजरांना पचत नाही, जुलाब झाले तर एवढ्या जिवाला लगेच अशक्तपणा येतो. उकडलेलं चिकन बारीक करून द्या, मीठ-कांदा-लसूण काही नको. आणि कुंडीतली मूठभर माती लिटरमध्ये मिसळा, तिला तोच वास ओळखीचा आहे. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट न बघता डॉक्टर.

धागाकर्ती:
खूप खूप आभार!! बाल्कनीला नुसतं ग्रिल होतं, हे डोक्यातच आलं नव्हतं, कालच जाळी मारून घेतली. वाटी सरकवत सरकवत चौथ्या रात्री बाई खोलीत आल्या. मातीची युक्ती पहिल्याच दिवशी चालली. आज लांब दांड्याच्या चमच्यावर चिकन धरलं तर आधी चमच्यावर फिस्स, मग खाल्लं, मग पुन्हा फिस्स. सासूबाईंनी दुधाचा विषय सोडलेला नाही. मशीन आत्ता लावलंय, तीन बादल्या कपडे आहेत.