मदत हवी आहे: क्लायंटसमोरचं 'ए, थांब गं' कसं थांबवू?

एप्रिलपासून मी टीम लीड आहे. टीममधले एक काका माझ्याहून 17 वर्षांनी मोठे. ट्रेनी असताना त्यांनीच मला टॅली शिकवलं. एरवी 'तू' म्हणतात, त्याचं काही नाही. पण परवा क्लायंटसमोर 'ए, थांब गं, तुला नाही कळायचं' म्हणाले आणि पुढचे सगळे प्रश्न क्लायंटने त्यांनाच विचारले.

चहाच्या वेळी हसत हसत बोलून पाहिलं. 'बरं, मॅडम!' म्हणाले. आता दिवसभर तेच चालू, तेही टोमण्याच्या सुरात. एचआरकडे जायचं नाही, माणूस कामाला चोख आहे. मेलही नको, दुखावतील. (मी त्यांना अहो-जाहोच करते.)

शुक्रवारी पुन्हा तोच क्लायंट आहे. त्याआधी त्यांना बाजूला घेऊन नेमकं कोणत्या शब्दांत सांगू?