मदत हवी आहे: 'चल रे भोपळ्या'वरून मुलांना घरी काय करायला देऊ? सोमवारपर्यंत हवंय

रानजाई
आमच्याकडे या आठवड्यात 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' सांगतेय. मुलांनी घरी नेऊन आईवडिलांबरोबर करावं असं काहीतरी सुचवा. मागे चिऊकाऊची रंगवायची चित्रं दिली होती, बावीसपैकी चार परत आली, तीही कोरी. नेटवर शोधून झालंय, तेच तेच आहे. सोमवारी द्यायचंय.

पिंपळपान
वय काय? पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे का? माझ्याकडे या गोष्टीची चित्रकार्डं आहेत: म्हातारी, कोल्हा, वाघ, लेक, भोपळा. रंगीत छापायची, कापायची, क्रमाने लावत गोष्ट सांगायची. मुलीच्या शाळेत सगळ्यांनी केलं होतं. पीडीएफ पाठवू?

लगदा
कार्डं नकोत. फुगा फुगवा, वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने त्यावर चिकटवा, तीनचार थर द्या. कडक वाळला की फुगा फोडा, भोपळा तयार! आमच्याकडे आजोबासुद्धा बसले होते.

मिरजवाला
भोपळा कुठला दाखवताय? लाल दाखवू नका. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे फार उशिरा आला. बंगालीत हीच गोष्ट आहे, तिथे म्हातारी 'लाऊ'मध्ये बसते, म्हणजे दुधी. तंबोऱ्याला लागतो तो वाळका, कडक भोपळा याच कुळातला, आमच्याकडे तो पंढरपूरच्या बाजूने येतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

लगदा
चार वर्षांच्या मुलाला याने काय फरक पडतो?

मिरजवाला
पडतो. लाल भोपळ्यात गर भरलेला, वाळका आतून पोकळ. पूर्वी पोहायला शिकताना पाठीला बांधायचे तो हाच. म्हातारी आत कशी बसली, हे मूल विचारणारच.

माहेरवाशीण
घाऱ्या करा! लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, गार झाला की मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी, चिमूटभर मीठ. पाणी अजिबात नको. जाडसर थापून तळायच्या.

रानजाई
भोपळ्याचं नंतर बोलू. वय ३ ते ६. ग्रुप नाही, प्रिंटर नाही, मैदा आणि तळणीचं तेल मी कुणाला आणायला सांगू शकत नाही. ही ऊसतोड कामगारांची मुलं, साखर कारखान्याच्या तळावरच्या कोप्यांमधली, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमधली आहेत. आईबाप पहाटे तीनला उसाच्या फडात तोडणीला जातात, अंधार पडल्यावर येतात. कोपीत वीज नाही.

पिंपळपान
ताई, हे आधी सांगायला हवं होतं!

रानजाई
खरंय. माझ्या रोज डोळ्यासमोर असतं, लिहायचं सुचलंच नाही.

पिंपळपान
तरी लॅमिनेट केलेला एकच संच पिशवीत घालून घरोघरी फिरवता येईल. मी स्वखर्चाने पाठवते.

सावली
मूळ कल्पनाच उलटी करा. घरी काम पाठवण्यापेक्षा तुम्हीच संध्याकाळी कोप्यांसमोर बसून गोष्ट सांगा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, पुढे बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आणि वाघाची गोष्ट निवडलीतच का? उसात बिबटे असतात, मुलं रात्री घाबरतील.

रानजाई
माझी शेवटची एसटी सहाची आहे. तोवर आया आलेल्याच नसतात.

कोपीतला
मी अशाच तळांवर वाढलो, बीडकडचा. बिबट्या आम्ही गोष्टीत ऐकायच्या आधी फडात पाहिला होता. वाघाला फसवून घरी पोचणारी म्हातारी आम्हाला फार हवीशी वाटायची. गोष्ट बदलू नका.

पिंपळपान, पिशवी राहू द्या. शाळेतून कागद आला की आई तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं आणि खराब झाला तर पोराला बोलणी बसतील अशी भीती होती. तुमचे कोरे कागद तसेच आले असतील.

गोधडी प्रत्येक कोपीत असते. पोराला गोधडीत गुंडाळायचं, तोंड तेवढं उघडं. बाप आडवा पडल्या पडल्या वाघ होतो आणि विचारतो, "म्हातारे, कुठं चाललीस?" पोरगं म्हणतं, "म्हातारी कोतारी मी नाय जाणत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!" आणि लोळत आईकडे जातं. थकलेल्या माणसाला याहून जास्त जमत नाही, पण एवढं जमतं. आमचा बाप करायचा.

सोबत एक प्रश्न तोंडी पाठवा: लेकीनं म्हातारीला काय काय खाऊ घातलं? आई भाकऱ्या थापताना सांगेल. सकाळी पोरांनी तुम्हाला सांगायचं. कुणाच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत असतील तर उत्तर गोरमाटीतच येऊ द्या.

सावली
बिबट्याचं मला अजून पटत नाही, पण गोधडीचं करून बघा.

रानजाई
हेच करते. शनिवारी वर्गातच गोधडी आणून सगळ्यांना एकदा लोळवते, म्हणजे घरी दाखवायला मुलांनाच येईल. पण दोघींची अडचण आहे. त्यांचे आईबाप गाडीबरोबर लांबच्या फडात मुक्कामाला असतात, सोबत फक्त आठ वर्षांची बहीण.

कोपीतला
मग शनिवारी त्या बहिणीलाही बोलवा. तिला वाघ करा.

लगदा
मैदा नसेल तर साबुदाण्याची खळही चालते.