अनुभव धागा : कामासाठी सोशल मीडिया कसा वापरता?

मीच सुरुवात करतो. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. आंबा वाशीच्या मार्केटला जायचा, दलाल पाठवेल ती पट्टी (विक्रीचा हिशोब) मान्य करायची. 2020 ला लॉकडाऊनमध्ये माल अडकला तेव्हा व्हॉट्सॲपवरून पुण्यातल्या ओळखीच्यांना थेट पेट्या दिल्या आणि तिथून हे सुरू झालं. पण एक गोष्ट कळायला वर्ष गेलं, ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 जणांचीच होते आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, मी आपला पाठवत राहिलो आणि कित्येकांना काही मिळालंच नव्हतं. आता प्रत्येक पेटीत 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाकतो. आढीतल्या आंब्याचा रोजचा फोटो स्टेटसला. साका निघाला (फळ आतून खराब) तर फोटो मागवतो आणि तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालतो, तेच गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांची ऑर्डर घेऊन येतं. तुम्ही सांगा.

—

दादा, चिठ्ठीची आयडिया घेतली! मी येवल्याची, सासरे हातमागावर पैठणी विणतात, इन्स्टाग्राम मी बघते. आधी नुसते साडीचे फोटो टाकायचे, लोक फक्त 'प्राइस?' विचारून गायब. मग एकदा पदराची उलटी बाजू दाखवणारा व्हिडिओ टाकला, हातमागाची असेल तर मागूनही मोर तसाच स्वच्छ दिसतो, पॉवरलूमच्या बऱ्याच साड्यांना मागे कापलेले धागे असतात. त्यावर इतके प्रश्न आले की दोन दिवस उत्तरं देत होते. किंमत मात्र उघड लिहायलाच हवी, 'डीएम करा' मला पटत नाही.

—

माझा अनुभव नोकरीचा आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, पुणे. लिंक्डइनच्या हेडलाइनला (नावाखालची ओळ) 220 अक्षरं मिळतात, त्यात मी 'नोकरीच्या शोधात' एवढंच लिहून बसले होते. रिक्रूटर तर स्किल टाकून शोधतात ना! सेलेनियम, एपीआय टेस्टिंग असं स्पष्ट लिहिल्यावर मेसेज यायला लागले. 'ओपन टू वर्क' ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशीही ठेवता येते, पण आपल्याच कंपनीला कळणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइन देत नाही, तेव्हा जपून.

—

येवल्याच्या ताई, विणतानाचा व्हिडिओ आहे का? आईसाठी घ्यायची आहे.

—

आहे, प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन केलाय. मागावर सध्या जांभळी आहे, महिना तरी लागेल, चालणार असेल तर सांगा.