'अनिलीन'च्या रंगांना 'अनील रंग' म्हणायला काय हरकत आहे?

रंगवेडा
जुन्या पुस्तकांत कृत्रिम रंगांना सरसकट 'अनिलीनचे रंग' म्हटलेलं दिसतं. आता हा शब्द रसायनशास्त्राबाहेर फारसा कुणी काढत नाही. माझं म्हणणं, तो मोडीत न काढता मराठी करून घ्यावा: अनील. अ-नील, म्हणजे नीळ नसलेला.

मूळ बघा. संस्कृत 'नील' फारसीतून अरबीत गेला, तिथे 'अन्-नील' झाला, पोर्तुगिजांनी त्याचा 'अनिल' केला. १८४० साली फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने नीळ आणि कॉस्टिक पोटॅश यांच्यापासून एक तेल मिळवलं, त्याचं नाव ठेवलं अनिलीन. आपलाच शब्द जगभर भटकून पुढे 'अ' लावून परत आला, आणि आपल्या कानाला तो 'अ' नकाराचा वाटतो.

गंमत म्हणजे वस्तूही तशीच आहे. कॉलेजात प्रात्यक्षिक केलेल्यांना आठवेल. बाटलीतलं अनिलीन हवेने तपकिरी झालेलं असतं. ते हायड्रोक्लोरिक आम्लात घ्यायचं, बर्फात ५ अंशांच्या खाली ठेवून थेंबथेंब सोडियम नायट्राइट घालायचं आणि हे मिश्रण कॉस्टिक सोड्यातल्या बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओतायचं. क्षणात भडक नारिंगी-लाल साका! निळीचं नाव सांगणारं तेल, निळ्याचा पत्ता नाही. यापेक्षा नेमकं नाव कुठलं?

तळटीप
कोटी म्हणून झकास, पण व्युत्पत्ती म्हणून खपवू नका. तो 'अ' नकाराचा नाहीच. अरबी 'अल्' हे उपपद 'न'पुढे आलं की त्यातला 'ल्' 'न्' होतो, म्हणून अन्-नील. म्हणजे 'ती नीळ', तुमच्या अर्थाच्या बरोब्बर उलट. आज हसत लिहाल आणि उद्या कुणीतरी छातीठोकपणे सांगेल की नाव ठेवणाऱ्याला संस्कृत नञ् समास येत होता.

झुळूक
अनिल म्हणजे वारा. अनिल अधिक लीन, वाऱ्यात विरून गेलेली. सुरुवातीचे हे रंग उन्हात किती लवकर उडायचे ते पाहता माझीच व्युत्पत्ती खरी :)

डांबरट
फ्रिट्शेच्या आधी १८२६ मध्ये उनफेरडोर्बेनने हेच तेल निळीतून काढून 'क्रिस्टालिन' म्हटलं होतं. रुंगंला १८३४ मध्ये ते दगडी कोळशाच्या डांबरात सापडलं. ब्लीचिंग पावडर घातली की निळं-जांभळं होतं, म्हणून त्याने नाव दिलं 'क्यानोल', निळं तेल. (रंगवेडा, पत्ता सापडला का?) झिनिनचं 'बेन्झिडाम' आणखी वेगळं. १८४३ मध्ये होफमानने दाखवलं की सगळे एकच आहेत. चार बारशांतलं एक नाव टिकलं, एवढंच.

खरा कारखानदारी माल आला डांबरातून. १८५६ मध्ये १८ वर्षांचा पर्किन क्विनीन करायला गेला, हाती काळा चिखल आला, आणि तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग उतरला. तेव्हा सरळ म्हणा डांबरी रंग. अस्सलाची हुबेहूब नक्कल करतात, म्हणून 'डांबरट'ही चालेल.

रंगवेडा
@तळटीप, या धंद्यात नावं कोट्यांवरच चालली आहेत हो. १८५९ मध्ये लियाँच्या वेर्गेंने अनिलीनपासून किरमिजी रंग काढला. उत्पादक होते रनार बंधू. रंगाचं नाव 'फुक्सिन'. फुक्सियाच्या फुलावरून म्हणावं तर ते जुळतंच. पण फ्रेंच 'रनार' म्हणजे कोल्हा, आणि जर्मन 'फुक्स' म्हणजेही कोल्हा! मालकाचं नाव फुलाआड दडवलंय असं मानणारे आहेतच. त्याच वर्षीच्या लढाईवरून हाच रंग पुढे 'मॅजेंटा' झाला. त्यांना सगळं माफ, मला एक 'अ' नाही?

तळटीप
त्यांनी नवं नाव ठेवताना कोटी केली, तुम्ही जुन्या नावात घुसवताय. शिवाय वस्तुस्थितीही तुमच्या बाजूची नाही. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली ती नॅफ्थलीनपासून. पण १९०१ नंतर जी स्वस्त पद्धत निघाली तिचा कच्चा माल कोणता? अनिलीन! ज्याच्यापासून नीळ होते त्याला तुम्ही 'नीळ नसलेला' म्हणताय. आणि ॲलिझरिन, म्हणजे मंजिष्ठेतला लाल रंग, डांबरातल्याच अँथ्रासीन या दुसऱ्या पदार्थापासून करत, त्याचा अनिलीनशी संबंधच नाही. तेव्हा सगळ्या कृत्रिम रंगांना हे नाव तसंही पुरत नाही.

रंगवेडा
हे लागलं. निळीची लेक निळीलाच जन्म देते म्हटल्यावर अ-नील टिकत नाही, मागे घेतो. मग 'नीलजा'?

तळटीप
नीलजा चालेल. फक्त अनिलीनपुरतं, ॲलिझरिनला लावाल तर परत येईन.

डांबरट
जन्मदाखल्यावर लिहा नीलजा. आळीत तिला डांबरटच म्हणणार.